रेसिडेन्सीनंतर मुलांच्या मूत्ररोग शस्त्रक्रिया : स्वतःची तयारी कशी तपासावी आणि कशी पुरी करावी

एम.एस. (जनरल सर्जरी) किंवा त्यापुढच्या एम.सीएच.चा निकाल लागतो, बॉन्डची म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेची नेमणूक उपजिल्हा रुग्णालयात होते आणि पहिल्याच महिन्यात शाळा तपासणीच्या पथकाकडून सात-आठ मुलांची यादी टेबलावर येते. दोघांना हर्निया, दोघांची ‘गोटी वर आहे’, एकाच्या ‘अंडात पाणी झालंय’, बाकीच्यांना लघवी करताना पुढे फुगा येतो. अशा वेळी एखादा नवा सर्जन सगळी यादी दोन दिवसांत उरकून टाकतो, तर दुसरा सगळीच मुले पुण्या-मुंबईकडे रवाना करतो. दोघेही एकाच समजुतीने चुकलेले असतात. पदवीबरोबर ‘तयार’ असा एक शिक्का मिळतो आणि तो सगळ्या कामाला लागू पडतो, असे दोघांनीही धरलेले असते. प्रत्यक्षात तयारी प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी, मुलाच्या वयासाठी आणि ज्या थिएटरमध्ये काम करायचे त्या थिएटरसाठी वेगवेगळी ठरते.

आपल्याकडे हा गोंधळ अधिक आहे, कारण मुलांचे हे काम जनरल सर्जन, युरॉलॉजिस्ट आणि पीडियाट्रिक सर्जन अशा तिघांत वाटले गेले आहे. जनरल सर्जरीच्या तीन वर्षांत पीडियाट्रिक सर्जरीचे पोस्टिंग थोड्याच आठवड्यांचे असते. युरॉलॉजीच्या रजिस्ट्रारचा बहुतेक वेळ मुतखडे आणि प्रोस्टेट यांत जातो आणि त्याच रुग्णालयात पीडियाट्रिक सर्जरीचा विभाग असेल, तर लहान मुले तिकडेच जातात. पुढील टप्पे या पहिल्या दोघांसाठी लिहिले आहेत आणि ते दिलेल्या क्रमानेच पार करावेत. पहिले तीन परीक्षेनंतरच्या मोकळ्या आठवड्यांत घरी बसूनही होतात.

टप्पा १ : तीन याद्या

एका कागदावर तीन याद्या लिहाव्यात.

पहिली यादी ‘आलीच पाहिजेत’ अशा कामांची. वृषणाला पीळ पडल्याच्या संशयावरून तातडीने उघडून पाहणे, मागे जाऊन अडकलेली शिश्नाची त्वचा पूर्ववत करणे, लघवी तुंबलेल्या नवजात बाळाच्या मूत्राशयात नळी घालणे. मुलांच्या शस्त्रक्रिया आयुष्यात करणार नाही असे ठरवलेल्या सर्जनलाही ही यादी चुकत नाही, कारण या मुलांना पुढे पाठवायला वेळच नसतो.

दुसरी यादी ‘तयारी पुरी झाल्यावर करीन’ अशा नियोजित कामांची. एक वर्षावरील मुलाची हर्नियोटॉमी (हर्नियाची पिशवी सोडवून बांधणे), हायड्रोसील (अंडात साठलेले पाणी), योग्य कारणासाठी सुंता, जांघेत हाताला लागणारे न उतरलेले वृषण.

तिसरी यादी ‘पाठवीन’ अशांची. हायपोस्पाडियास (मूत्रद्वार टोकाऐवजी शिश्नाच्या खालच्या बाजूला असणे), हाताला न लागणारे वृषण, मुदतीपूर्वी जन्मलेल्या तान्ह्या बाळाचा हर्निया, पोस्टिरिअर युरेथ्रल व्हॉल्व्हचे (मूत्रमार्ग अडवणाऱ्या जन्मजात पडद्याचे) फल्गरेशन, तान्ह्याची पायलोप्लास्टी (मूत्रपिंडाच्या तोंडाशी अडलेली वाट मोकळी करणे), रिफ्लक्ससाठी (लघवी मूत्राशयातून उलटी वर जाण्यासाठी) युरेटर म्हणजे मूत्रवाहिनी पुन्हा रोवणे, लिंगनिश्चितीची शंका असलेले बाळ, आणि कोणाच्याही हातची फसलेली कोणतीही शस्त्रक्रिया.

एम.सीएच. युरॉलॉजी झालेल्यांनी इथे एक दुरुस्ती करावी. मोठ्या मुलाची पायलोप्लास्टी त्यांच्या दुसऱ्या यादीत येऊ शकते, पण दहा महिन्यांच्या मुलाची जांघ मात्र त्यांना जनरल सर्जनपेक्षा अनोळखी असण्याची शक्यता आहे. दुर्बिणीचा सराव असला म्हणजे तान्ह्याच्या हर्नियाची पिशवी सोडवता येते असे नाही.

वाद होतो तो हायपोस्पाडियासवरून. ‘मूत्रद्वार टोकाजवळच आहे, सोपी केस आहे’ असे म्हणून ती दुसऱ्या यादीत सरकवली जाते. दुरुस्तीसाठी लागणारी पुढची त्वचा एकदाच हाताशी असते, पहिली शस्त्रक्रिया हीच सर्वांत चांगली संधी असते आणि ती फसली की फिश्चुला (लघवी गळणारे जादा छिद्र), अरुंद झालेले मूत्रद्वार, उसवलेले टोक यांसाठी मूल वर्षानुवर्षे थिएटरमध्ये येत राहते. वर्षाला दोन-तीन हायपोस्पाडियास करणाऱ्याने ती करूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला हे काम करायचेच आहे त्याने पीडियाट्रिक सर्जरीचे एम.सीएच. करावे, किंवा युरॉलॉजीनंतर मुलांच्या मोठ्या केंद्रात वेगळे प्रशिक्षण घ्यावे.

*तपासणी :* तिसरी यादी दुसरीपेक्षा लांब झाली आहे का? नसेल, तर याद्या पुन्हा लिहाव्यात.

टप्पा २ : लॉगबुक परीक्षकासाठी लिहिले होते, आता स्वतःसाठी वाचावे

लॉगबुकातील आकडा हा तयारीचा सर्वांत फसवा पुरावा आहे. त्यात ‘केस केली’ या एका शब्दाखाली रिट्रॅक्टर धरण्यापासून पूर्ण शस्त्रक्रियेपर्यंत सगळे मावते. म्हणून दुसऱ्या यादीतील प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी चार रकाने आखावेत : ज्येष्ठांनी केली आणि मी पाहिली; मी केली पण पुढची प्रत्येक हालचाल ज्येष्ठांनी सुचवली; मी केली, ज्येष्ठ समोर उभे राहून मी सांगेन तेवढीच मदत करत होते; मी केली, ज्येष्ठ थिएटरमध्ये होते पण त्यांनी हात लावला नाही. अमेरिकेतील शिक्षण रुग्णालयांत अशीच चार पायऱ्यांची झ्विश नावाची मोजपट्टी वापरतात.

आता समजा, लॉगबुकात मुलांच्या हर्नियाच्या बावीस नोंदी आहेत. वाटणी केल्यावर पहिल्या रकान्यात चौदा, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात दोन आणि चौथ्यात शून्य येतात. त्या दोन मुलांची वये पाहिली तर एक सात वर्षांचा, दुसरा नऊ. म्हणजे दोन वर्षांखालच्या मुलाची पिशवी या सर्जनने स्वतःच्या निर्णयाने एकदाही सोडवलेली नाही. बावीस हा आकडा खोटा नव्हता, पण तो या प्रश्नाचे उत्तरच नव्हता.

यापुढे तोंडी ऑपरेशन करावे. पुस्तक मिटून, एखाद्या सहकाऱ्यासमोर बसून, त्वचेच्या छेदापासून शेवटच्या टाक्यापर्यंत प्रत्येक पायरी बोलून दाखवावी आणि प्रत्येक पायरीवर ‘इथे काय बिघडेल आणि बिघडल्यास मी काय करीन’ हेही सांगावे. ‘मग सॅक (पिशवी) वेगळी करायची’ असे एका वाक्यात म्हणून जो पुढे जातो, त्याने ती स्वतः वेगळी केलेली नसते.

*तपासणी :* तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यांत मिळून ज्या शस्त्रक्रियेची नोंद हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नाही, ती तूर्त तिसऱ्या यादीत ठेवावी. हे नेमके किती, हे मुद्दाम लिहीत नाही. आकडा दिला की लोक तो भरतात.

टप्पा ३ : जी शस्त्रक्रिया करायचीच नाही ती ओळखणे

मुलांच्या मूत्ररोगात हात चुकण्यापेक्षा निर्णय चुकल्याने अधिक नुकसान होते. म्हणून सुरी धरण्याआधी ओपीडीतील तयारी पुरी करावी.

*सुंता.* जन्मतः जवळजवळ सर्वच मुलांची पुढची त्वचा मागे जात नाही आणि वाढत्या वयात ती आपोआप सुटत जाते. लघवी करताना फुगा येणे एवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही. त्वचेचे टोक मऊ, गुलाबी असेल आणि हलकेच ओढल्यावर ते फुलासारखे उमलत असेल, तर आई-वडिलांना धीर द्यावा. गरज वाटल्यास स्टिरॉइडचे मलम चार ते आठ आठवडे लावायला द्यावे. टोकाला पांढरे, कडक, व्रणासारखे कडे असेल तर ते खरे कारण. तेव्हा सुंता करावी आणि काढलेली त्वचा तपासणीला पाठवावी. धार्मिक कारणासाठी आणलेल्या मुलातही मूत्रद्वाराची जागा, शिश्नाचा बाक आणि शिश्न चरबीत रुतलेले तर नाही ना, हे पाहिल्याशिवाय तारीख देऊ नये. घरात कोणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे का, हेही विचारावे.

> सावधान : हायपोस्पाडियासच्या एका प्रकारात पुढची त्वचा पूर्ण असते आणि त्वचा मागे घेतल्यावरच रुंद, खाली सरकलेले मूत्रद्वार दिसते. भूल दिल्यावर असे दिसले तर तिथेच थांबावे. त्वचेला छेद न घेता मूल परत वॉर्डात पाठवणे ही नामुष्की नाही.

*हायड्रोसील.* तान्ह्याच्या अंडातील पाणी बहुधा एक ते दोन वर्षांत ओसरते, म्हणून थांबावे. हर्निया मात्र आपोआप जात नाही आणि तान्ह्यात तो अडकण्याचा धोका जास्त असतो, म्हणून थांबू नये. हा फरक हाताने करता आला पाहिजे. नव्या जनरल सर्जनांची सर्वांत नेहमीची चूक मात्र यापुढची आहे. प्रौढांच्या सवयीने मुलाचे हायड्रोसीलही वृषणकोशातून केले जाते. मुलात पाणी पोटातून उघड्या राहिलेल्या वाटेने येते. ती वाट जांघेतून, आतल्या रिंगपाशी (पोटातून जांघेत उतरण्याच्या तोंडाशी) बांधावी लागते. माझ्याकडे आलेल्या चार वर्षांच्या एका मुलाच्या वृषणकोशावर सुबक व्रण होता, टाके उत्तम घातलेले होते, आणि संध्याकाळपर्यंत खेळला की पाणी पूर्वीसारखेच भरत होते.

*न उतरलेले वृषण.* मूल उबदार खोलीत, आईच्या मांडीवर किंवा मांडी घालून बसवून तपासावे. बोटांना साबणाचे पाणी किंवा तेल लावावे आणि कमरेच्या हाडापासून खाली जांघेवरून हात सरकवत आणावा. गार हाताने, रडणाऱ्या मुलाला घाईत आडवे पाडून तपासले की वर-खाली होणारे निरोगी वृषणही ‘न उतरलेले’ ठरते. खाली आणल्यावर ते क्षणभर तिथेच राहत असेल, तर शस्त्रक्रिया नको. वर्षातून एकदा पाहावे, कारण त्यातील काही पुढे वर चढतात. खरोखर न उतरलेले वृषण सहा महिन्यांपर्यंत उतरण्याची वाट पाहावी, मूल मुदतीपूर्वी जन्मले असल्यास वय त्यानुसार धरावे, आणि शस्त्रक्रिया शक्यतो एक वर्षाच्या आत, उशिरात उशिरा दीड वर्षापर्यंत व्हावी. ‘पाच वर्षांचा झाला की करू’ हा सल्ला अजूनही दिला जातो. तो देऊ नये. शाळेच्या तपासणीत सापडलेले मूल आधीच उशिरा आलेले असते, त्याला पुढच्या शिबिराची तारीख देऊ नये.

सोनोग्राफी मागवण्याची गरज नाही. हाताला लागणारे वृषण ती दाखवते, जे हाताला लागत नाही ते तिलाही भरवशाने सापडत नाही, आणि ‘वृषण दिसत नाही’ असा अहवाल आला की आई-वडिलांची झोप उडते.

> सावधान : दोन्ही बाजूंची वृषणे हाताला लागत नसतील, किंवा एकच लागत नसून हायपोस्पाडियासही असेल, तर लिंगनिश्चितीच्या तपासण्या होईपर्यंत कोणतीही शस्त्रक्रिया करू नये. ‘दोन्ही गोट्या नसलेला मुलगा’ ही अॅड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात दोषाची मुलगी असू शकते, आणि त्या बाळाचे सोडियम पहिल्या काही आठवड्यांत जीवघेणे घसरू शकते.

टप्पा ४ : राहिलेले शिक्षण ज्येष्ठांच्या हाताखाली पुरे करणे

दुसऱ्या टप्प्यात जे रकाने रिकामे निघाले, ते भरायला जाणे यात कमीपणा नाही. बॉन्डच्या ठिकाणाहून आठवड्यातून एक दिवस जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील पीडियाट्रिक सर्जरीच्या ओटीला जाण्याची परवानगी लेखी मागावी, किंवा परळच्या वाडिया बाल रुग्णालयासारख्या मुलांच्याच मोठ्या रुग्णालयात काही आठवडे काढावेत. जाताना ‘काहीही पाहायला आवडेल’ असे म्हणू नये. ‘दोन वर्षांखालील मुलाची पिशवी वेगळी करणे मला स्वतः करायचे आहे, तुम्ही समोर उभे राहा’ अशी नेमकी विनंती करावी. नेमके मागणाऱ्याला शिकवणारे ज्येष्ठ मिळतात.

नेमके काय शिकायचे, ते हर्नियोटॉमीच्या एकाच उदाहरणाने सांगतो. मुलाच्या जांघेतील सर्वांत खालच्या घडीत छेद घेतल्यावर पहिला घोटाळा तिथेच होतो. लहान मुलाचे स्कार्पाचे आवरण (त्वचेखालच्या चरबीतील पडदा) इतके ठसठशीत असते की नवा सर्जन त्यालाच एक्स्टर्नल ऑब्लिकचे (पोटाच्या सर्वांत बाहेरच्या स्नायूचे) समजून उघडतो आणि मग चरबीत कॉर्ड (वृषणाकडे जाणाऱ्या वाहिन्यांची दोरी) शोधत बसतो. खरे आवरण चकचकीत, तिरप्या तंतूंचे असते. शंका आली तर ते खाली, बाहेरच्या रिंगपर्यंत माग काढत जावे. तान्ह्यात दोन्ही रिंग जवळजवळ एकावर एक असतात, कॅनॉलला लांबीच नसते.

कॉर्ड हाती आली की पिशवी पुढच्या व आतल्या बाजूला असते. ती ओल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ असते आणि तिच्या पाठीला व्हास (शुक्रवाहिनी) आणि रक्तवाहिन्या चिकटलेल्या असतात. इथे पिशवी धरायची आणि बाकीचे तिच्यापासून खाली लोटायचे. व्हास चिमट्यात कधीही धरायची नाही. तान्ह्याची व्हास पांढऱ्या शिवणदोऱ्याएवढी असते आणि चिमट्याच्या एका दाबाने तिला कायमची इजा होऊ शकते, तीही त्या दिवशी कोणाला न दिसता. पिशवी रिकामी असल्याची खात्री करून, पिळून, पोटाच्या आवरणाबाहेरची पिवळी चरबी दिसेपर्यंत वर नेऊन बांधायची. मुलीत बांधण्याआधी पिशवी उघडून पाहायची, कारण बीजांड तिच्या भिंतीला चिकटून घसरत आलेले असू शकते. जाळी नाही, भिंतीची दुरुस्ती नाही.

आणि शेवटी, टाके घालण्याआधी, ड्रेपखाली हात घालून वृषण वृषणकोशात ओढून बसवायचे. शस्त्रक्रियेत ते वर ओढले जाते; तसेच राहिले तर व्रणात चिकटते आणि वर्षभराने तेच मूल ‘गोटी वर आहे’ म्हणून परत येते.

ऑर्किओपेक्सीत, म्हणजे न उतरलेले वृषण खाली आणून बसवण्यात, यातील सगळे लागतेच. भर पडते ती लांबी मिळवण्याची. पिशवी नीट सुटली की बहुतेक लांबी मिळते. कॉर्डला पीळ न पडता आणि ताण न देता वृषण डार्टॉसखालच्या (वृषणकोशाच्या त्वचेलगतच्या थराखालच्या) खोबणीत बसले पाहिजे. ओढून आणून टाक्याने ‘डांबून’ ठेवलेले वृषण सुकते.

*तपासणी :* लागोपाठ काही केसेसमध्ये ज्येष्ठांनी एकदाही हात पुढे केला नाही आणि ऑपरेशन नोट तुम्ही लिहिली, ती त्यांनी न खोडता सही केली, तर ती शस्त्रक्रिया चौथ्या रकान्यात गेली. त्यांना थेट विचारावे : ‘तुमच्या नातवाची ही शस्त्रक्रिया मला करू द्याल का?’ उत्तराआधी त्यांनी किती वेळ घेतला, तेही लक्षात ठेवावे.

टप्पा ५ : थिएटर, भूल आणि रात्रीचा वॉर्ड

सर्जन तयार आणि रुग्णालय अतयार, ही स्थिती सर्जन अतयार असण्याइतकीच धोक्याची आहे. पहिली भेट भूलतज्ज्ञांची घ्यावी. किती वयापर्यंतच्या, किती वजनाच्या मुलांना ते नियमित भूल देतात, हे विचारावे आणि त्यांची मर्यादा तीच आपली मर्यादा मानावी. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाचे गर्भधारणेपासून मोजलेले वय साठ आठवड्यांच्या आत असेल, तर भुलीनंतर श्वास थांबण्याचा धोका असतो आणि रात्रभर मॉनिटरवर ठेवावे लागते. अशी बाळे तिसऱ्या यादीत टाकण्याचे मुख्य कारण हेच आहे.

थिएटरमध्ये आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहावे : मुलांचे भुलीचे सर्किट आणि नळ्यांचे लहान आकार, पिवळ्या रंगाच्या चोवीस नंबरच्या सुया, मुलाच्या बोटाला बसणारा ऑक्सिजनचा प्रोब, उबदार गादी, लहान आकाराची कॉटरी प्लेट, बायपोलर, बारीक मॉस्किटो, बिनदाती बारीक चिमटे, पाच, सहा आणि आठ फ्रेंचच्या (फ्रेंच हे नळीच्या जाडीचे माप) नळ्या, पाच-शून्य आणि सहा-शून्य धागे. डोळ्यांना अडीचपट दाखवणारे लूप स्वतःचे असावेत. एसी बंद करायला सांगावे. सर्जनला घाम येत असेल तर खोली मुलासाठी ठीक आहे.

औषधाचा हिशेब वजन करून, कागदावर मांडावा. बुपिव्हाकेनची कमाल मात्रा किलोमागे अडीच मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला वीस मिलिग्रॅम, म्हणजे पाव टक्क्याचे आठ मिलिलिटर, अर्ध्या टक्क्याचे चारच. भूलतज्ज्ञांनी कॉडल ब्लॉकमध्ये (कण्याच्या खालच्या टोकाशी दिलेल्या भुलीत) किलोमागे एक मिलिलिटर पाव टक्क्याचे दिले असेल, तर मात्रा तिथेच संपली. शेवटी सवयीने जखमेत आणखी टोचणारा सर्जन दुप्पट मात्रेकडे चाललेला असतो.

> सावधान : शिश्नात अॅड्रिनॅलिन मिसळलेले भूल-औषध कधीही टोचू नये. शिश्नावर मोनोपोलर कॉटरी वापरू नये. बायपोलर वापरावी किंवा बांधावे.

रक्ताचाही हिशेब वेगळा असतो. बाळाच्या शरीरात किलोमागे सुमारे ऐंशी मिलिलिटर रक्त असते; आठ किलोच्या बाळात सारे मिळून साडेसहाशेच्या आत. प्रौढात ज्या थेंबाथेंबाकडे आपण लक्षही देत नाही, तो सुंतेनंतर रात्रभर लंगोटात झिरपत राहिला तर पहाटे बाळ पांढरे पडलेले असते. म्हणून रात्री दोन वाजता लंगोट उघडून पाहणारी सिस्टर कोण आणि तिने फोन केल्यावर येणारा डॉक्टर कोण, ही दोन नावे ठरल्याशिवाय यादी लावू नये.

टप्पा ६ : संमती

पालकांशी बोलताना ‘छोटंसं ऑपरेशन आहे’ हे वाक्य टाळावे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की एका प्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही. पिळाच्या शस्त्रक्रियेत याचा अर्थ असा की, दुसऱ्या बाजूचे वृषणही बसवले जाईल आणि पीळ पडलेले काळे झाले असल्यास काढावे लागेल, या दोन्ही गोष्टी आधीच, मराठीत, पालकांना समजेल अशा शब्दांत लिहिलेल्या असाव्यात. न उतरलेल्या वृषणात ते आकाराने लहान असू शकते, पुढे सुकू शकते, वर चढू शकते आणि पुढच्या आयुष्यात स्वतः तपासत राहावे लागते, हे सांगावे. हा मजकूर आधीच तयार करून ठेवावा; मध्यरात्री तो नीट लिहिला जात नाही.

टप्पा ७ : स्वतःच्या पहिल्या केसेस

पहिली केस तीन-चार वर्षांच्या सडपातळ मुलाचा एका बाजूचा हर्निया असावी. त्यानंतर हायड्रोसील, मग त्याहून लहान मुले, आणि वृषण बाहेरच्या रिंगजवळ सहज हाताला लागते अशी ऑर्किओपेक्सी सर्वांत शेवटी. एका दिवशी दोनच मुले, सकाळी पहिल्या क्रमांकाला, आठवड्याच्या सुरुवातीला. शनिवारी दुपारी केलेल्या केसचा ताप रविवारी दुसऱ्याच कोणाला तरी निस्तरावा लागतो.

शिबिराच्या आकड्याचा दबाव येईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला आणि त्यामुळे कधीच न सापडली असती अशी मुले सापडू लागली, हे खरे. पण एका दिवसात पंधरा मुले करण्याची शिबिरे नव्या सर्जनसाठी नाहीत. तिथे ज्येष्ठांबरोबर दुसऱ्या टेबलाचा सहायक म्हणून जावे.

स्वतःची एक वही ठेवावी आणि तपासणीला मूल स्वतःच पाहावे : आठव्या दिवशी जखम, सहा आठवड्यांनी सुंतेच्या मुलाच्या लघवीची धार, सहा महिन्यांनी आणि वर्षाने वृषणाचा आकार व जागा, दुसऱ्या बाजूशी ताडून. जे मूल परत आलेच नाही, त्याच्यापुढे ‘ठीक’ असे लिहू नये; ‘माहीत नाही’ असे लिहावे. फोन करून बोलवावे.

टप्पा ८ : पहिल्या यादीतील रात्र

*पीळ.* मुलगा पोटात दुखते म्हणून येतो आणि लाजून अंडाबद्दल बोलत नाही. त्यामुळे पोट दुखणाऱ्या प्रत्येक मुलाची चड्डी उतरवून पाहावी. सूज आणि कडक वृषण यांचे प्रत्येकी दोन, क्रिमॅस्टरिक प्रतिक्षिप्त क्रिया (मांडीच्या आतल्या बाजूला स्पर्श केल्यावर वृषण वर सरकणे) नसणे, मळमळ किंवा उलटी आणि वृषण वर चढलेले असणे यांचा प्रत्येकी एक, असे सातपैकी गुण मांडावेत. पाच किंवा अधिक झाले तर सोनोग्राफीसाठी न थांबता थिएटर उघडावे. सहा तासांच्या आत वृषण बहुधा वाचते आणि त्यानंतर दर तासाला संधी घटत जाते. रेडिऑलॉजिस्ट सकाळी येणार आणि शहर चार तासांवर आहे, अशा ठिकाणी ही शस्त्रक्रिया जनरल सर्जननेच करायची असते. ‘ही माझी शाखा नाही’ हे उत्तर इथे चालत नाही.

उघडल्यावर पीळ सोडवावा, कोमट ओल्या गॉजमध्ये वृषण गुंडाळून ठेवावे आणि त्या वेळात दुसरी बाजू बसवून घ्यावी. घड्याळाकडे न पाहता लगेच ‘काळे आहे, काढू’ असे ठरवणे ही घाईची चूक. शंका राहिली तर आवरणाला छोटा छेद देऊन लाल रक्त येते का ते पाहावे. थिएटर तयार होईपर्यंत हाताने पीळ सोडवायचा असेल, तर पुस्तक उघडल्यासारखे बाहेरच्या दिशेने फिरवून पाहावे. दुखणे वाढले तर उलट दिशेने, कारण काही पीळ उलटेही असतात. दुखणे थांबले तरी शस्त्रक्रिया टळत नाही.

*लघवी तुंबलेले नवजात बाळ.* मुलगा, भरलेले मूत्राशय, थेंबथेंब लघवी, गरोदरपणातल्या सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली : व्हॉल्व्ह समजूनच चालावे. पाच किंवा सहा फ्रेंचची इन्फंट फीडिंग ट्यूब घालावी. फुग्याची फोली नळी घालू नये. लहानशा, जाड भिंतीच्या मूत्राशयात तो फुगाच युरेटरची वाट अडवतो. नळी गेली म्हणजे काम झाले असे समजून त्याच मिनिटाला बाळाला रुग्णवाहिकेत बसवणे ही पुढची चूक. अडथळा निघाल्यावर लघवीचा पूर येऊ शकतो आणि बाळ वाटेतच कोरडे पडते. आधी शिरेतून द्रव सुरू करावे, साखर, पोटॅशियम आणि आम्लता तपासून सांभाळावी आणि जंतुसंसर्गाची सोय करावी. पहिल्या दोन-तीन दिवसांतील क्रिएटिनिन बरेचसे आईचे असते, त्या आकड्यावर धीर देऊ नये आणि घाबरवूही नये.

बाळाबरोबरच्या पत्रात पुढील नोंदी असाव्यात : जन्माची वेळ आणि वजन, नळी किती फ्रेंचची आणि किती वाजता घातली, पहिल्यांदा किती लघवी निघाली, त्यानंतर दर तासाला किती, शिरेतून काय आणि किती चालू आहे, प्रतिजैविकाची मात्रा व वेळ, शेवटचे दूध किती वाजता. नळी मांडीला दोन ठिकाणी चिकटपट्टीने बांधावी, सोबतच्या सिस्टरला ती दाखवावी आणि तिकडच्या रजिस्ट्रारशी स्वतः फोनवर बोलल्यावरच गाडी सोडावी.